मंगळवारचे कोंबडे

॥ श्री ॥

पेण, सोमवार, ३० ऑक्टोबर १९९५

सगुणावन्सं,

नमस्कार करते. आत घ्यायचा की पायरीवरच ठेवायचा, ते तुमच्यावर. पावणेदोन वर्षांनी तुम्हांला लिहायला बसले, तर वर काय लिहावं इथेच अर्धा तास गेला. कागद पाठकोरा आहे. मागे गेल्या सालच्या दळणाची यादी आहे, तिकडे बघू नका. तुम्ही म्हणालच, "सरू काय सुधारायची नाय."

तुमच्या भावाची तब्येत कळवावी म्हणून लिहिते, दुसरं काही नाही.

भाऊबीजेला हे सकाळी आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसले. ओवाळायला कोणी नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी तासभर बसले. मग टोपी काढून खुंटीला लावली आणि मिठागरावर निघून गेले. बोलण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी दुपारी जेवताना यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आधी वाटलं, तिखट लागलं असेल. मग मान, मग सगळं तोंड तांब्याच्या घंगाळासारखं झालं. ओठ सुजले. ओकारी झाली आणि ताटावरच कलंडले. शेजारचे दोघे उचलून दवाखान्यात घेऊन गेले. सुई दिल्यावर तासाभरानं डोळे उघडले.

पानात बांगडा होता. बुधवारी बाजार उठताना बायजाबाईकडून सहा घेतले. गुरुवारी आमच्याकडे चालत नाही, हे तुम्हांला माहीतच आहे, म्हणून मीठ-हळद लावून फडक्यात बांधून ठेवले. शुक्रवारी चांगले कडक तळले. वास नव्हता. थोडा होता, पण लसूण जास्त घातल्यावर गेला.

वन्सं, तुमच्या शेतात सव्वीस जानेवारीला पोपटीचं मडकं लावलं होतं तेव्हा यांना झालं, ते असंच. पाळ्यांपासूनच सुरुवात. हे तुम्हांला का लिहिते आहे ते माझं मलाच नीट कळलेलं नाही. दाजींना आणि तुमच्या लेकीला, दिपिकाला, आशीर्वाद नाही, नमस्कारच सांगते.

सरू


पेण, रविवार, १९ नोव्हेंबर १९९५

सगुणावन्सं,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती. पण यांचं दुखणं काय ते आता कळलं आहे आणि ते बहिणीला कळायला हवं.

इथे सहर नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत, वडील कुवेतला असतात. मुंबईला शिकल्या. वयानं आपल्या दिपिकाहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील, पण नजर अशी की माणूस खोटं बोलताना अडखळतो. त्यांनी विचारलं, "बाई, बांगडा कधीचा होता?"

मी म्हटलं, "बाजारातलाच."

"कुठला ते नाही विचारलं. कधीचा?"

हेच म्हणाले, "बुधवारचा. शुक्रवारी खाल्ला."

मग त्यांनी समजावलं ते मी तुम्हांला जमेल तसं सांगते. हिस्टामिन म्हणून एक द्रव्य असतं. मासळी असो, कोंबडी असो, जीव गेल्यापासून जितका वेळ ठेवाल तितकं ते त्यात वाढत जातं. सुकटीत असतं, बोंबलात असतं, लोणच्यात, आंबवलेल्या पिठात, मुरवलेल्या दह्यात असतं. तुम्हांआम्हांला पचून जातं. यांच्या अंगात ते पचवायचं बळ नाही. टोमॅटो, वांगी, पालकही तूर्त नको म्हणाल्या. दर वेळी जास्त होत जाईल म्हणाल्या. आता ओठ सुजले, पुढल्या खेपेला गळा आतून सुजेल, मग दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ नसेल.

मी विचारलं, "चांगलं खळखळून उकळलं तर?"

"नाही जात."

"तळलं? निखाऱ्यात घातलं?"

"जंतू मरतील, बाई. हे नाही मरत. एकदा मांसात तयार झालं की झालं. आगीनं ते जात नाही."

वन्सं, मी मॅट्रिक झाले, रोज पोथी वाचते. आगीनं जात नाही असं काही असतं हे मी आजवर ऐकलं नव्हतं. आपल्याकडे तर जे चुलीत गेलं ते शुद्ध झालं.

त्यांनी एक वही घालायला सांगितली. मला वह्यांचं काय कौतुक. जुन्या हिशेबाच्या वहीची शिल्लक पानं होती, त्यावर रकाने आखले. तारीख, काय खाल्लं, कधी कापलं किंवा पकडलं, किती वेळानं काय झालं. "सगळ्यात आधी झालं ते पहिल्या ओळीत लिहा," म्हणाल्या. मी लिहिलं. २६ जानेवारी ९४. पोपटी, कोंबडी. कधी कापलं: त्याच दिवशी सकाळी. पंचवीस मिनिटांनी.

काल वही दाखवायला गेले. त्यांनी खालच्या सगळ्या ओळींवर बरोबरची खूण केली. सुकट, झालं. ताजी निवटी मासळी, नाही झालं. आंबोळी, थोडं झालं. मग पहिल्या ओळीवर पेन ठेवून म्हणाल्या, "ही एकच ओळ बसत नाही. ताज्या कोंबडीनं असं होणार नाही. त्या घरी कोंबडीला अजून काय लावलं होतं?"

"मसाला वन्सांनी लावला होता," मी म्हटलं.

हे शेजारच्या खुर्चीवर होते. खिडकीतून बाहेर बघत होते.

सरू


पेण, सोमवार, २५ डिसेंबर १९९५

सगुणावन्सं,

काल आमच्या परसात पोपटी लावली. दोघांपुरतीच, लहान मडक्यात.

महिना झाला, हे मऊ भात आणि दुधीच्या भाजीवर आहेत. तक्रार नाही. पण परवा कोणी तरी वालाच्या पहिल्या शेंगा घेऊन आलं, त्या हातात घेऊन हे नुसतेच हुंगत बसले. म्हणाले, "आक्काच्या बांधावर पोपटीचा भांबुर्डा आला असेल." डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं आलं म्हणाले. चूल पेटलेली नव्हती.

मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं की यांना पोपटी देता येईल का. त्या हसल्या. म्हणाल्या, "कोंबडी तुमच्या डोळ्यांसमोर कापली जाऊ दे आणि तासाभरात विस्तवावर जाऊ दे. मुरवायचं नाही. दही नाही, लिंबू नाही, बाजारचा मसाला नाही. उरलेलं सकाळसाठी ठेवायचं नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाल्या.

म्हणून तसंच केलं. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरला, वर शेंगा, त्यांवर मीठ आणि ओवा. रताळी, बटाटे, कणगी. घरच्या कोंबडीची त्याच सकाळची चार अंडी. तलंग कोंबडी शेजारच्या आवारात कापून घेतली, मी उभी राहिले घड्याळ बघत, आणि नुसतं मीठ-लसूण चोळून केळीच्या पानात बांधून लगेच आत. वर पुन्हा पाला, मडकं उपडं, भोवती पेंढा आणि काटक्या. कापण्यापासून पेटवण्यापर्यंत पस्तीस मिनिटं. वहीत तशी नोंद आहे.

हे काठी घेऊन जाळ सारत होते. अर्ध्या तासानं मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, थेंब उभा राहिला नाही. मडकं पोत्यावर उलटलं तेव्हा वास आला वन्सं, तो भांबुर्ड्याचा आणि ओव्याचा, तुमच्या शेतातला. हे फुंकर मारून मारून शेंगा खात होते. कोंबडीचा घास घेताना माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे. दहा मिनिटं. वीस. पंचवीस. तीस. कान जसेच्या तसे.

"छान झालंय," म्हणाले. "पण आळणी लागतं."

"मीठ कमी आहे?"

"मीठ बरोबर आहे. माणसं कमी आहेत."

उरलेली कोंबडी मी मांजरीला घातली. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही असता तर हसला असता. सगळ्या नात्यात तुम्हीच सांगत फिरायचात ना, आमची सरू काडेपेटीची काडी दोनदा ओढते म्हणून. तेव्हा सगळे हसायचे. मीही हसायचे. पण वन्सं, ते मला लागायचं. इतकं लागायचं की त्या दिवशी तुमच्या शेतात हे पडले आणि सगळे मडक्याकडे बघायला लागले, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे लोक पुन्हा मला हसणार. यांच्या जिवाचं नंतर आलं.

हे मी लिहून गेले. खोडत नाही.

सरू


पेण, शुक्रवार, १२ जानेवारी १९९६

सगुणावन्सं,

बायजाबाई रोह्याच्या बाजाराहून काल आमच्या ओट्यावर टेकली. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "तुमची तिनी पाकिटं तशीच हायत गो. देव्हाऱ्याखाली. दिपिका म्हनली, वाचून दावते. तं सगुणाबाय म्हनते, 'देवीचा कौल गावभर आयकलाय मी. आता तिचा कागद काय आयकायचा?'"

म्हणजे तुम्ही काहीच वाचलेलं नाही. बरं वाटलं, आणि मग आठवलं, यांच्या दुखण्याचंही त्यातच आहे.

मग तिनं तुमचा निरोप सांगितला. सव्वीसला नाथाला पाठव. त्याच दिवशी, त्याच शेतात, तीच माणसं बोलावली आहेत. दिपिकाचं जमलेलं मोडून गेलेले नागोठण्याचे पाहुणेही येणार आहेत. मडकं सगळ्यांसमोर लावणार, पहिला घास तुम्ही घेणार, मग यांनी घ्यायचा. म्हणजे तुमच्या हाताला विष आहे की नाही ते लोकांनी बघावं.

"आनि कोंबडं आदल्या दिशीच कापून दह्यात मुरत घालनार हाय," बायजाबाई म्हणाली. "त्या येळंला नाथा म्हनला व्हता ना, मुरल्यालं लय ग्वाड लागतं. भावाच्या आवडीचं करते बिचारी."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "बायजाबाई, परत जाशील तेव्हा वन्सांना सांग. आदल्या दिवशी नको. त्याच दिवशी, त्याच वेळी कापा. यांना शिळं चालत नाही, जिवावर बेतेल."

आज ती उत्तर घेऊन आली. तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले तिनं, आवाजसुद्धा काढून. "आता मला सैपाक शिकवतं? आधी म्हनली ईख. आता म्हनतं शिळं. उद्या म्हनंल, चूलच तुमची नव्हं."

तुमचं काय चुकलं? मी सांगते ते तुम्ही का ऐकावं? का शिळं, कधीचं शिळं, हे सांगितल्याशिवाय त्या बोलण्याला पाय नाहीत. आणि ते बायजाबाईच्या तोंडी दिलं, तर संध्याकाळपर्यंत पेणपासून रोह्यापर्यंत दर स्टेशनावर उतरेल.

यांना म्हटलं, जाऊ नका.

"आक्का बोलावते आहे," म्हणाले.

"मग जा, पण कोंबडीला हात लावू नका. शेंगा खा, रताळं खा."

"ती पहिला घास घेऊन माझ्याकडे बघेल. चार लोक बघतील. मी काय करू, रताळं खाऊ?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आठवा. गळा सुजेल म्हणाल्या."

"आठवतं," म्हणाले. "आक्का वाढेल ते खाईन." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पदराला हात पुसायच्या निमित्तानं आत गेले.

चौदा दिवस आहेत.

सरू


पेण, मंगळवार, २३ जानेवारी १९९६

सगुणावन्सं,

हे पाकीटही तुम्ही उघडणार नाही. ते ठाऊक आहे म्हणूनच लिहायला धीर होतो आहे. देव्हाऱ्याखाली जाईल, म्हणजे देवापुढेच जाईल.

त्या साली पंचवीस जानेवारी मंगळवार होता. आमच्या घरी देवीला मान होता, नवसाचा. दोन कोंबडे. एक आम्ही आणि शेजाऱ्यांनी संपवला. दुसरा तसाच राहिला. घरात फ्रीज नव्हता, अजूनही नाही. शेजारी वाटून टाकता आला असता. पण दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पोपटीला यायचं होतं, कोंबडी आम्ही आणायची ठरली होती, आणि बाजारातून ताजी घ्यायची म्हणजे घरातली ही टाकायची. देवीच्या मानाचं टाकायचं कसं? मला खरंच वाटलं वन्सं, की देवीच्या पुढचं आहे, त्याला काही होणार नाही. मीठ-हळद लावली, दही लावलं, कल्हईच्या पितळी डब्यात घालून डबा ओल्या फडक्यात गुंडाळला. सकाळी उघडला तेव्हा कडेला चिकट झालं होतं. धुतलं. पुन्हा दही लावलं, लसूण दुप्पट. मनाशी म्हटलं, मडक्यात अर्धा तास जाळात बसणार आहे, जाळानं काय राहतं?

तुम्ही विचारलंत, "कवा कापली गो?" मी म्हटलं, "आज सकाळी, बाजारात." यांनाही तेच सांगितलं होतं. तुम्ही त्यावर तुमचा मसाला लावलात.

हे पडल्यावर दाजींनी विचारलं, मांस कोणी आणलं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हटलं, "मी चांगलंच आणलं होतं. मसाला वन्सांनी लावला."

ते तिथेच संपलं असतं. चूक म्हणून गेलं असतं. पण मी पुढचं केलं. आठ दिवसांनी देवीला कौल लावला. गुरवानं पाकळ्या लावल्या. मी विचारलं, "अन्नातून झालं का?" उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. गुरव म्हणाला, "पुढचं विचारू? कोणाच्या हातून ते?" मी म्हटलं, "नको."

बाहेर बायका बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं, "देवीनं घर दाखवलं." कोणाचं ते बोलले नाही. बोलायची गरज पडली नाही. पुढच्या महिन्यात नागोठण्याच्या लोकांनी दिपिकाचा नारळ परत पाठवला.

देवीनं तुमचं नाव घेतलं नाही वन्सं. मी तिला घेऊच दिलं नाही, कारण ती माझं घेईल ही भीती होती.

दोन वर्षं रोज दिवा लावते. दर वेळी वाटतं, दिव्याला दिसतंय.

गुरुवारी कोंबडं कापू नका. दह्यात घालू नका. हे मी पाकिटाच्या बाहेरच्या बाजूलाही लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात. पण बाहेरचं तरी तुम्ही कशाला बघाल?

सरू


कासू स्टेशन, शुक्रवार, २६ जानेवारी १९९६
दुपारी चार वाजून दहा मिनिटं

वन्सं,

गाडी इथे उभी आहे. पुढे मालगाडी बंद पडली आहे म्हणतात. वहीचं पान फाडून लिहिते आहे, हात मोकळे ठेवले तर काय करतील सांगता येत नाही.

सकाळी देवळात गेले होते. परत आले तेव्हा हे गेलेले होते. खुंटीवर टोपी नव्हती. वही पाटावर उघडी ठेवली होती, तिच्यावर, असं झालंच तर लगेच घ्यायला डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्यांची डबी. म्हणजे गोळ्यासुद्धा मुद्दाम ठेवून गेले.

वहीत पहिली ओळ यांनी दुरुस्त केली आहे. "त्याच दिवशी सकाळी" यावर एक रेघ आणि वर यांच्या अक्षरात: "मंगळवार. कोंबडे मीच कापले होते. एक उरला होता ते मला ठाऊक होतं."

वन्सं, यांना ठाऊक होतं. डब्याचं झाकण निघालं तेव्हापासून ठाऊक होतं, खातानाही ठाऊक होतं. बायकोला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून खाल्लं, आणि मग बहिणीला दोन वर्षं खाली बघू दिलं. भाऊबीजेला पाटावर कशासाठी बसत होते ते मला आज कळलं.

सगळ्यात खाली आजची ओळ लिहून ठेवली आहे. तारीख. काय खाल्लं: आक्का वाढेल ते. कधी कापलं: गुरुवारी. शेवटचा रकाना मोकळा.

एसटीला सुट्टीची गर्दी, दोन गाड्या न थांबताच गेल्या. दवाखाना बंद. फोनच्या बूथवर जाऊन तुमच्या वाडीतल्या सईदभाईंच्या दुकानात फोन लावला, नंबर दाजींनी कधी काळी दिलेला होता. घंटा वाजत राहिली. जुम्म्याला दुकान बंद करून गेले असतील. अर्ध्या तासानं पुन्हा लावायला हवा होता. लावला नाही. खरं लिहिते. वाटलं, तीनच्या गाडीनं जाऊ, मडकं पेटायच्या आत पोचू आणि तुमच्या कानात हळूच सांगू. कोणाला कळायला नको.

साडेचार झाले. तुम्ही चारला लावणार होतात. गार्डाला विचारलं, तो म्हणतो अजून वेळ आहे. स्टेशनाबाहेर वाण्याच्या दुकानात फोन दिसतो आहे. जाते.


पाच वाजून पाच मिनिटं

गाडी अजून उभीच आहे. फोन झाला. जे झालं ते तुम्हांला अर्धंच ठाऊक असेल, म्हणून सगळं लिहिते.

सईदभाईंनी उचलला. रोजा आहे, आवाज कोरडा. लाइनीत खरखर. मी म्हटलं, "सगुणावन्सांना निरोप द्या, कोंबडी यांना देऊ नका."

"काय? कोन बोलतंय?"

"पेणची सरू. नाथांची बायको."

"हा, नाथाभाय इथंच हाय. शेतात. समदी जमल्यात. काय सांगू?"

"कोंबडी देऊ नका म्हणावं. यांना विष होईल."

मग ते म्हणाले, "भाभी, आज हे नको बोलू. त्या बाईनं दोन साल लय सोसलंय. मी नाय नेनार असला निरोप."

ते फोन ठेवत होते वन्सं. मला ऐकू आलं, फोन ठेवायच्या आधी माणूस श्वास घेतो तो. मी ओरडले. इथल्या दुकानात आठ-दहा माणसं होती, चहा पीत होती, सगळ्यांनी वळून बघितलं. मी ओरडले, "मांस शिळं होतं. तेव्हाचं. मंगळवारचं मांस मी बुधवारी आणलं होतं."

"काय? जोरात बोला. कुठला मंगलवार?"

आणि मग मी एक एक वाक्य ओरडत गेले आणि ते तिकडे दुकानातल्या माणसांना मोठ्यानं सांगत गेले, खरखरीमुळे खात्री करून घ्यायला. "म्हनत्ये, मांस तिनंच आनलं व्हतं. म्हनत्ये, आदल्या दिवसाचं. काय भाभी? कौल? म्हनत्ये, देवीनं सगुणाबायचं नाव घेतलंच नाय. हीच खोटं बोलली." इथल्या वाण्यानं तराजूत गूळ टाकायचा थांबवला होता. मी सांगितलं, यांना जुनं मांस चालत नाही, दह्यात मुरलेलं तर नाहीच, आजही तेच होईल आणि जास्त होईल. रिक्षा बोलवा, रोह्याच्या दवाखान्यात न्या, सांगा हिस्टामिन, मागच्यासारखी सुई द्या.

"भाभी," ते म्हणाले, "धूर उतरलाय. मडकं काढलं वाटतं. थांब, मी धावतो."

फोन तसाच टाकून गेले. मी कान लावून उभी. तिकडे दुकानातला रेडिओ लागला होता, दिल्लीच्या सकाळच्या संचलनाचं काही तरी चाललं होतं. कोणी तरी आलं, "सईदभाय हायत का?" म्हणालं आणि गेलं. इथे वाणी म्हणाला, "बाई, बसा." बसले नाही.

मग तुम्ही आलात. दोन वर्षांनी तुमचा आवाज. "सरू."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आयकलं गो. समद्यांनी आयकलं. सईदभाय बांधावरूनच वरडत आला."

मी विचारलं, "यांनी खाल्लं का?"

"पयला घास मी घेतला. दुसरा त्यानं. सईद आला तवा तिसरा त्याच्या हातात व्हता."

"तो टाकला का?"

"मी हातावर फटका मारला, तवा पडला." मग आवाज खाली आला. "मघाशी हसत व्हता गो. म्हनला, आक्का, आता माझं ओझं उतरलं. आता गप बसलाय. रिक्षा बोलावल्ये दाजींनी, धाटावच्या नाक्यावरून येतंय."

"वन्सं, कानाकडे बघा. यांच्या पाळ्यांकडे."

"बगितलं," तुम्ही म्हणालात. "लाल झाल्यात."

आणि लाइन गेली. वाण्यानं दोनदा लावून बघितला, लागला नाही.

गोळ्यांची डबी माझ्या मुठीत आहे. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, तुमच्या हातात देईन, उघडं. ज्यांच्यासमोर द्यायचं त्यांच्यासमोर देईन. त्यानंतर तुम्ही मला दारात उभी करायची की नाही, ते तुमचं.

गाडीनं शिट्टी दिली. गार्ड म्हणतो, नागोठण्याला पुन्हा थांबेल, किती ते सांगता येत नाही.

दुसऱ्या घासाला किती वेळ झाला ते मोजते आहे. पाळ्या लाल व्हायला पहिल्या वेळी पंचवीस मिनिटं लागली होती, बांगड्याला पंधरा, आज दहाही नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दर वेळी जास्त होत जाईल, पुढल्या खेपेला गळा.

गाडी हलली. पाच वाजून चौदा मिनिटं. पहिली ओळ आता बसते. शेवटच्या ओळीचा शेवटचा रकाना उघडा ठेवून मांडीवर वही घेतली आहे, आणि पेनाचं टोपण लावत नाही.

सरू